भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं प्रत्येकाच्या हाताला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रात्यक्षिकं का होत नाहीत, असं विचारलं की "उपकरणं नाहीत" हे उत्तर तयार असतं. पण उपकरणं आली तरी ती कपाटात जातात, परीक्षेच्या तोंडावर बाहेर निघतात आणि वर्गातल्या दोन-चार मुलांच्याच हातात पडतात. म्हणून खालच्या सगळ्या उत्तरांत आम्ही एकच कसोटी धरली आहे: वर्षभरात प्रत्येक मुलाचा आणि प्रत्येक मुलीचा हात तारेला, भिंगाला, दोऱ्याला किती वेळा लागला?

प्रयोगशाळेची वेगळी खोली नाही. सुरुवात कशाने करायची?

पट्टीने करा. एकाने ३० सेंमीची पट्टी उभी धरायची. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं, पट्टीला स्पर्श करायचा नाही. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने पकडायची. पट्टी १५ सेंमी पडली तर प्रतिक्रियेला लागलेला वेळ साधारण ०.१७५ सेकंद, २० सेंमी पडली तर ०.२०२ सेकंद. अंतर = अर्धा × गुरुत्वत्वरण × वेळेचा वर्ग, एवढ्या एका सूत्रावर सगळं येतं. प्रत्येकाचे दहा आकडे घ्यायला लावा. ते एकसारखे येणार नाहीत, आणि तिथूनच मोजमापाच्या अनिश्चिततेवर बोलायला सुरुवात होते. एकाच मुलीचे दहा आकडे १४ ते २१ सेंमींमध्ये पसरलेले दिसले की "खरं उत्तर कुठलं?" हा प्रश्न मुलांकडूनच येतो.

चुका दोनच होतात. पकडणारा हात हवेत लटकत ठेवला की तो पट्टीबरोबर खाली सरकतो, म्हणून मनगट बाकाच्या कडेवर टेकवायचं. आणि सोडणाऱ्याची बोटं हलण्याआधी खांदा हलतो, तो पाहून पकडणारा सावध होतो. पकडणाऱ्याला फक्त पट्टीकडे बघायला सांगा.

वर्गातले बाक, खिडकीतून येणारा उजेड आणि एक बादली पाणी यांवर शालेय भौतिकशास्त्राची निम्मी प्रात्यक्षिकं बसतात. खोलीसाठी थांबू नका.

एका गटाच्या पेटीत नेमकं काय हवं?

तिघांच्या गटासाठी आम्ही ही पेटी सुचवतो. १.५ व्होल्टचे तीन अल्कलाइन सेल आणि त्यांचा होल्डर, ३.८ व्होल्टचे तीन टॉर्चचे बल्ब होल्डरसह; दोन लाल एलईडी; १०० ओहमचे दोन आणि ४७० ओहमचा एक रोधक; दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेल्या आठ तारा; ०.४ मिमी जाडीची इनॅमलची तांब्याची तार ५ मीटर, दोन पट्टीचुंबक आणि एक होकायंत्र, सुमारे १० सेंमी नाभीय अंतराचं बहिर्वक्र भिंग, दोन छोटे सपाट आरसे, एक मऊ स्प्रिंग, एकाच मापाचे दहा नट, पक्का दोरा, मोजपट्टी, कोनमापक, २० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज, जुनी सीडी.

यातली सिरिंज बिनकामाची वाटेल, पण वजनांचा संच नसला की तीच कामाला येते. १ मिलिलिटर पाण्याचं वस्तुमान जवळजवळ १ ग्रॅम. स्प्रिंगला हलकी बाटली टांगा, दरवेळी २० मिलिलिटर पाणी टाका आणि ताण मोजत जा. स्प्रिंगऐवजी रबरबँड लावला तर आलेख सरळ येत नाही, आणि पाणी काढत परत आलं तर आधीच्याच बिंदूंवरूनही जात नाही. तो प्रयोग मुद्दाम करून घ्या. प्रत्येक पदार्थ सरळ रेषेचा नियम पाळत नाही, हे मुलांना हाताने कळतं.

जुन्या सीडीवरच्या खाचांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं. त्यामुळे ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचा पहिला ठिपका सुमारे २४ अंशांवर आणि दुसरा सुमारे ५४ अंशांवर मिळतो. मुलांनी कोन मोजून उलट दिशेने खाचांमधलं अंतर काढायचं. डीव्हीडीवर हे अंतर ०.७४ मायक्रोमीटर असल्याने पहिला ठिपका थेट ६१ अंशांच्या आसपास जातो आणि दुसरा मिळतच नाही. का मिळत नाही, हे त्यांनी शोधायचं.

लंबकाचं प्रात्यक्षिक सगळेच करतात, पण गुरुत्वत्वरण कधी १०.९ येतं, कधी ८.९. कुठे चुकतं?

यायला हवं ९.८ च्या आसपास. हे दोन्ही आकडे आम्हाला चांगले ओळखीचे आहेत, आणि दोन्ही मोजणीतून येतात.

१ मीटर लांबीच्या लंबकाला एका दोलनाला, म्हणजे एका पूर्ण जा-ये फेरीला, २.००७ सेकंद लागतात, म्हणजे २० दोलनांना जवळपास ४०.१ सेकंद. गोळा सोडताना किंवा मधून पहिल्यांदा जाताना मुलं "एक" म्हणतात आणि घड्याळही तेव्हाच सुरू करतात. "वीस" म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात १९ दोलनं झालेली असतात. वेळ येते ३८.१ सेकंद, तिला २० ने भागलं जातं आणि गुरुत्वत्वरण १०.८६ निघतं. उलट २१ दोलनं होऊन गेली तरी ती वीसच धरली तर ८.८९. तेव्हा वहीत १०.९ च्या आसपासचा आकडा दिसला तर बाकी काही तपासू नका, त्या गटाला मोठ्याने मोजून दाखवायला सांगा. घड्याळ सुरू करताना "शून्य" म्हणायची सवय लावली की हा आकडा नाहीसा होतो.

उत्तर ९.६ ते ९.७ च्या दरम्यान अडकत असेल, तर लांबी बघा. लांबी टांगणीच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत घ्यायची असते. २.५ सेंमी व्यासाच्या गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली तर सव्वा सेंमी कमी भरते आणि उत्तर ९.६८ च्या आसपास येतं. दोरा खिळ्याला गुंडाळलेला असेल तर झोक्याबरोबर टांगणीचा बिंदूच सरकतो. दोरा दोन लाकडी पट्ट्यांमध्ये किंवा कापलेल्या खोडरबरात घट्ट चिमटीत धरा.

झोका मोठा घेतला तर? १० अंशांपर्यंत दोलनकालात पडणारा फरक ०.२ टक्क्यांच्या आत राहतो, ३० अंशांवर सुमारे १.७ टक्के आणि ४५ अंशांवर ४ टक्के. म्हणजे मुलांना जेवढी भीती घातली जाते तेवढं हे मोठं कारण नाही. मोजणीतली चूक याहून कितीतरी भारी पडते.

वीस दोलनंच का? हाताने घड्याळ चालू-बंद करण्यात ०.२ सेकंदांचा फरक सहज पडतो. एकाच दोलनाची वेळ घेतली तर ती १० टक्क्यांची चूक होते आणि उत्तरात २० टक्क्यांची. वीस दोलनं घेतली की तीच चूक अर्ध्या टक्क्यावर येते. हे सांगू नका. एका गटाला एकच दोलन मोजायला लावा, दुसऱ्याला वीस, आणि दोघांचे आकडे फळ्यावर शेजारी लिहा.

शेवटी २५, ५०, ७५ आणि १०० सेंमी लांबी घेऊन दोलनकालाच्या वर्गाचा आलेख काढा. वर्ग अनुक्रमे १.०१, २.०१, ३.०२ आणि ४.०३ च्या जवळ यायला हवेत. ३९.५ ला रेषेच्या चढाने भागलं की गुरुत्वत्वरण मिळतं. लांबी सगळीकडे सारखीच कमी मोजली गेली असेल तर रेषा शून्यातून न जाता थोडी वरून जाते, पण चढ बिघडत नाही. कोरड्या सूत्रापेक्षा आलेख का बरा, हे याहून चांगलं दाखवणारा दुसरा प्रयोग आम्हाला माहीत नाही.

साहित्य एकच आहे. शिक्षकाने समोर करून दाखवलं तर चालेल का?

चालेल, पण आधी मुलांना अंदाज लिहायला लावा. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझुर यांच्या गटाने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसतं प्रात्यक्षिक पाहिलेल्या विद्यार्थ्यांना त्यामागचं कारण, ते न पाहिलेल्यांपेक्षा फारसं जास्त कळलेलं नव्हतं. ज्यांनी आधी अंदाज नोंदवला त्यांना जास्त कळलं. खर्च दोन मिनिटांचा आहे.

एक उदाहरण तपशिलात बघू. तीन सारखे बल्ब घ्या. अ हा एकसर जोडा, त्याच्या पुढे ब आणि क समांतर जोडा. साडेचार व्होल्ट द्या. आता विचारा: ब होल्डरमधून काढला तर अ चं काय होईल, क चं काय होईल? प्रत्येकाने कागदावर "वाढेल, कमी होईल, तेवढाच राहील" यांपैकी एक लिहायचं, मग शेजाऱ्याशी बोलायचं, बदलावंसं वाटलं तर बदलायचं. बहुतेक जण अ तेवढाच राहील म्हणतात, कारण तो "आधी येतो". बल्ब काढला की अ मंद होतो आणि क उजळतो, दोघंही सारखेच दिसतात. ब ची वाट बंद झाल्याने परिपथाचा एकूण रोध वाढला, धारा घटली, म्हणून अ मंदावला. आणि साडेचार व्होल्ट आता अ आणि क मध्ये सारखे वाटले गेले.

इथे एक अडचण येते. सुरुवातीला ब आणि क अगदीच मिणमिणतात, कधी दिसतही नाहीत. बल्बमधली तार थंड असताना तिचा रोध बराच कमी असतो, त्यामुळे त्यांच्या वाट्याला गणिताने निघणाऱ्या दीड व्होल्टपेक्षाही कमी विभवांतर येतं. खोली थोडी अंधारी करा आणि तिन्ही बल्ब एकाच खोक्यातले, एकाच खुणेचे घ्या. वेगवेगळ्या बनावटीचे बल्ब मिसळले की उत्तर उलटंही दिसू शकतं आणि मुलं चुकीचा धडा घेऊन जातात.

पट मोठा आहे. गट किती जणांचा करावा, आणि एकच मूल सगळं करतं त्याचं काय?

गट तिघांचा. दोघांपैकी एक गैरहजर राहिला की दुसरा अडतो, आणि चौघांपासून पुढे एकाला तरी काम उरत नाही. ६० मुलांसाठी वीस पेट्या नसतील तर दहांवर भागवा. अर्धा वर्ग प्रयोग करतो, अर्धा आधीच्या तासाच्या आकड्यांचा आलेख काढतो, मधल्या घंटेला अदलाबदल. दोघांचे गट करून साहित्य पुरत नाही म्हणून प्रयोगच रद्द करणं हा सर्वांत वाईट मार्ग.

एकच मूल सगळं करतं, हा प्रश्न स्वभावाचा मानून सोडून देऊ नका. कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगशाळांवर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कामं वाटून न देता मोकळं सोडलेल्या गटांत ती मुलगे-मुली अशी आपोआप विभागली गेलेली दिसली. उपकरणं एकीकडे गेली, नोंदी दुसरीकडे. कोणी तसं ठरवलं नव्हतं, कोणी तक्रारही केली नव्हती. म्हणून कामं शिक्षकाने ठरवायची: एक हाताळणार, एक मोजणार, एक लिहिणार. प्रत्येक नव्या मापाला कामं फिरवायची. लंबकाच्या चार लांब्या घेतल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक काम निदान एकदा येतं. निरीक्षण तक्त्यात "हाताळणी कोणाची" असा एक रकाना वाढवा. त्या रकान्यात एकच नाव चार वेळा दिसलं तर तो तक्ता अपुरा धरा.

शिक्षकालाही एक पथ्य आहे. मदतीला गेल्यावर तार स्वतः जोडून देऊ नका. हात मागे ठेवून विचारा, "धारा कुठून निघते? बोटाने वाट दाखव." आपण जोडून दिलेली तार बहुधा त्याच मुलाच्या वाट्याची असते ज्याला ती जोडायची सर्वांत जास्त गरज होती.

मोडतोडीची भरपाई मुलांकडून घ्यावी का?

घेऊ नये. बल्ब गेला तर पैसे भरावे लागतील असं कळलं की ज्यांच्या घरी ते पैसे जड जातात ती मुलं हात मागे घेतात. उपकरण वाचतं, पण ज्याच्यासाठी ते आणलं तोच दूर राहतो. साहित्य मागवतानाच बल्ब, एलईडी आणि क्लिपच्या तारा पाचात एक या प्रमाणात जादा मागवा. काय फुटलं आणि कशामुळे, याची एक वही ठेवा. नाव लिहायचं नाही, कारण लिहायचं. एलईडी सारखे जात असतील तर दोष बहुधा मांडणीत असतो: रोधक न लावता जोडणी झाली, किंवा सूचनेत तो लावायचं लिहिलंच नव्हतं. ३ व्होल्टला १०० ओहम आणि ९ व्होल्टला ४७० ओहम लावले की लाल एलईडीतून १० ते १५ मिलिअँपिअर जातात आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. आणि एलईडी "गेलेला" वाटला तरी आधी उलटा लावून बघा. लांब पाय धन टोकाकडे हवा. एकाच सेलवर तो पेटत नाही, कारण लाल एलईडीला साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात.

मल्टिमीटर वारंवार बंद पडतात. का?

बहुतेक वेळा आतला फ्यूज गेलेला असतो आणि मीटर टाकून दिला जातो. धारा मोजण्याच्या जोडणीत ठेवूनच कोणीतरी सेलच्या दोन टोकांना टोकण्या (मीटरच्या तारांची टोकं) लावल्या, की फ्यूज जातो. ओळख सोपी आहे: व्होल्ट बरोबर दाखवतो, धारा मात्र कायम शून्य. दोन सेल, रोधक आणि एलईडीच्या परिपथात मीटर एकसर लावा. एलईडी पेटला नाही तर फ्यूज बदला, आणि त्याच मापाचा बदला. जागी तारेचा तुकडा कधीही घालू नका.

१० अँपिअरची खाच वेगळी जपायची, कारण काही स्वस्त मीटरमध्ये तिला फ्यूजच नसतो. विभवांतर आणि रोध एवढंच मोजायचं असेल त्या तासांना ती चिकटपट्टीने झाकून टाका.

तांब्याच्या तारेचा रोध मोजायला देऊ नका. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या मीटरभर तांब्याच्या तारेचा रोध ०.०९ ओहमही नसतो, तर टोकण्या आणि क्लिपचाच रोध त्याच्या कितीतरी पट. मुलं मोजतात तो टोकण्यांचा रोध. त्याच जाडीची नायक्रोम तार मीटरला साडेपाच ओहमच्या आसपास देते, ती घ्या. आधी दोन टोकण्या एकमेकींना टेकवून येणारा आकडा प्रत्येक मापातून वजा करायचा.

विद्युतचुंबक टाचणीही उचलत नाही.

तारेवरचं इनॅमल खरवडलेलं नसतं. तांब्याचाच रंग दिसत असल्याने ती उघडी तार वाटते. दोन्ही टोकं २ सेंमीपर्यंत पॉलिश पेपरने चारी बाजूंनी घासा. सेलला पाच-सात सेकंदांच्या वर जोडून ठेवू नका. ३ मीटर तारेचा रोध अर्ध्या ओहमपेक्षा कमी असतो, सेल आणि तार दोन्ही तापतात. साध्या फिरत्या मोटरीत मात्र एक टोक पूर्ण आणि दुसरं फक्त अर्ध्या बाजूने घासायचं असतं. दोन्ही पूर्ण घासली तर वेटोळं थरथरतं, फिरत नाही.

फोनचा उपयोग होतो का? सगळ्यांकडे फोन नसतात.

होतो, आणि गटाला एक फोन पुरतो. मुलांनी स्वतःचा फोन आणावा अशी अट घालू नका. शाळेचे जुने फोन, सिम नसलेले, चालतात. जर्मनीतल्या आखेन इथल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने तयार केलेलं फायफॉक्स हे ॲप मोफत आहे आणि एकदा घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. त्यातलं आवाजावर चालणारं घड्याळ खास उपयोगी. एका आवाजाला सुरू, दुसऱ्याला बंद. १ मीटरवरून पडणाऱ्या वस्तूला ०.४५ सेकंद लागतात, हाताच्या घड्याळाने त्याचं मोजमाप निरर्थक आहे. आवाजाच्या घड्याळाने ते शंभराव्या भागापर्यंत मिळतं. वीस गट एकदम करायला लागले की शेजारच्या गटाच्या टाळीने घड्याळ सुटतं. आवाजाची मर्यादा वाढवा, किंवा हे मोजमाप गटागटाने व्हरांड्यात घ्या.

टेबलावर स्थिर ठेवलेला फोन त्वरण ९.८ दाखवतो आणि मुलं गोंधळतात. ही चूक समजू नका. संवेदक टेबलाने वर दिलेला आधार मोजतो. फोन उशीवर पडू दिला तर पडतानाचा आकडा शून्याजवळ येतो.

ध्वनीचा वेगही असाच निघतो. फोनवर ५१२ हर्ट्झचा सूर लावा, ३ सेंमी व्यासाची नळी पाण्याच्या उंच भांड्यात वरखाली करा. २५ अंश सेल्सिअसला पाण्यावरची लांबी १६ सेंमीच्या आसपास आणि पुन्हा ५० सेंमीच्या आसपास असताना आवाज एकदम भरतो. दोन्हींतला फरक म्हणजे अर्धी तरंगलांबी. एकच जागा घेतली तर नळीच्या तोंडाबाहेरची जवळजवळ १ सेंमी हवा हिशेबात येत नाही आणि वेग कमी निघतो. फरक घेतला की ती चूक आपोआप कटते.

सिम्युलेशन (संगणकाच्या पडद्यावरचा आभासी प्रयोग) वापरलं तर खऱ्या प्रयोगाची गरज उरते का?

उरते, पण सिम्युलेशनला कमी लेखू नका. कोलोरॅडो विद्यापीठातल्या २००५ सालच्या अभ्यासात परिपथांचं सिम्युलेशन वापरलेले विद्यार्थी नंतर खरे परिपथ जोडण्यातही मागे पडले नाहीत, उलट सरस ठरले. तिथलीच फेट ही मोफत सिम्युलेशनं भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केली. बरीच मराठीतही आहेत आणि उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालतात.

न दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रवाह, क्षेत्ररेषा, रेणूंची हालचाल, सिम्युलेशनवर बघाव्यात. सैल क्लिप, झिजलेला सेल, दर वेळी वेगळा येणारा आकडा या गोष्टी तिथे नसतात, आणि भौतिकशास्त्रज्ञाचा बराच वेळ त्यांच्यातच जातो. आम्ही परिपथ आधी पडद्यावर, मग लगेच हाताने असा क्रम ठेवतो.

वर्गात दृष्टिबाधित विद्यार्थिनी आहे. तिला फक्त ऐकायला बसवावं लागतं का?

नाही, आणि बसवूही नये. बल्बच्या जागी ३ व्होल्टचा बझर लावा. लाल तार धनाकडे. परिपथ पूर्ण झाला की ऐकू येतं, आवाज लहान-मोठा होणंही कळतं. लंबकाच्या मधल्या जागी कागदाची बारीक पट्टी अशी धरा की गोळ्याखाली लोंबत सोडलेलं दोऱ्याचं टोक तिला निसटतं घासून जाईल. प्रत्येक फेरीला टक् असा आवाज येतो आणि ती दोलनं स्वतः मोजते. झोका थोडा लवकर मंदावतो, दोलनकाल जवळजवळ तोच राहतो. एका दोलनात असे दोन आवाज येतात, हे आधी ठरवून घ्या. मोजपट्टीवर दर सेंमीला खाच पाडा, दर ५ सेंमीला खोल. सिरिंजच्या दांड्यावर दर ५ मिलिलिटरला खाच कोरा.

आलेखासाठी जाड थर्माकोल किंवा बुचाचा फळा, त्यावर दोऱ्याने ताणलेले अक्ष आणि बिंदूंच्या जागी टाचण्या. बिंदूंमधून जास्तीत जास्त जवळून जाणारी रेषा रबरबँड ताणून बोटांनी बसवायची. डोळस मुलांनाही हा फळा द्या, रेषा बिंदू जोडत नेण्याची त्यांची सवय त्याने सुटते.

तासाआधी दहा मिनिटं तिला रिकाम्या टेबलावर साहित्य हाताळू द्या आणि तासाला प्रत्येक वस्तू त्याच जागी ठेवा. कडा असलेल्या ताटात मांडणी केली तर काही घरंगळत नाही.

इतर अडचणींसाठी काय बदल लागतात?

चाकाच्या खुर्चीसाठी टेबलाखाली निदान ७० सेंमी मोकळी उंची हवी. साहित्य कडेपासून हाताभराच्या आत ठेवा. हात थरथरत असतील तर क्लिपऐवजी दाबून बसणारे जोड वापरा. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी सूचना दिवे बंद करण्याआधी द्या आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका. रोधकाच्या रंगपट्ट्या सगळ्यांना ओळखता येत नाहीत, लाल-हिरव्यातला फरक न कळणारी मुलं बऱ्याच वर्गांत असतात. रोधक पाकिटात घालून पाकिटावर ओहम लिहा. बरेचदा आपल्याला रंगांतला फरक कळत नाही, हे या मुलांना स्वतःलाही माहीत नसतं.

वेगळ्या भाषेत वाढलेली मुलं सूचना वाचून अडतात.

सूचना पाच ओळींच्या आत आणि आकृतीसह. आधी प्रयोग, मग संज्ञा: बल्ब मंद झालेला पाहिल्यावर "रोध" सांगितला तर तो समजतो. गटात आपसात बोलायला मुलांना घरची भाषा वापरू द्या.

गुण कशाला द्यायचे?

९.८ ला गुण दिले तर सगळ्यांचं ९.८ च येतं आणि वह्या एकमेकांवरून उतरतात. सगळे आकडे खोडाखोड न करता नोंदले आहेत का, पसारा सांगितला आहे का, उत्तर वेगळं आलं तर कारण तपासलं आहे का, यांना गुण द्या. "१०.९ आलं, पुन्हा मोजल्यावर मोजणी एकापासून झाल्याचं कळलं" असं लिहिणारी वही पूर्ण गुणांची.

कशाला हात लावू द्यायचा नाही?

घरगुती वीजपुरवठ्याला. फोन आणि लॅपटॉपमधल्या लिथियम सेलना, कारण टोकं जुळली तर ते पेट घेऊ शकतात. पाऱ्याच्या तापमापकांना, मद्यार्काचे वापरा. भिंगातून सूर्याकडे कधीही बघायचं नाही. लेझर १ मिलिवॉटच्या आतला, बसलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या पातळीखाली, टेबलाला पक्का बांधलेला आणि शिक्षकाच्या ताब्यात; स्वस्त लेझरवर छापलेली शक्ती खरी असेलच असं नाही. निओडायमियमचे छोटे चुंबक लहान मुलांच्या हाती नकोत. दोन गिळले तर ते आतड्याच्या भिंतीतून एकमेकांना चिकटतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

इतका वेळ घातल्याने अभ्यासक्रम मागे पडतो. उपयोग होतो याला पुरावा आहे का?

आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या २२५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, विज्ञान-गणिताच्या महाविद्यालयीन वर्गांत नुसत्या व्याख्यानांनी शिकणाऱ्यांचं नापासाचं प्रमाण, कृतीतून शिकणाऱ्यांपेक्षा सुमारे दीडपट निघालं. २०२० सालच्या पुढच्या विश्लेषणात, अमेरिकेत ज्या गटांना शिक्षणात कमी संधी मिळत आली आहे त्यांच्या आणि इतरांच्या परीक्षेतल्या गुणांमधली दरी कृतीशील वर्गांत सरासरी एक तृतीयांशाने कमी झालेली दिसली.

मात्र हा पुरावा विचार करायला लावणाऱ्या वर्गांचा आहे. कृती वाचून, ठरलेलं उत्तर पडताळून, जर्नल पूर्ण करण्याच्या प्रात्यक्षिकांचा नाही. तशा प्रात्यक्षिकांनी परीक्षेतल्या गुणांतही फरक पडत नसल्याचं अमेरिकेतल्या विद्यापीठांमधल्या अभ्यासांत दिसलं आहे. वेळ कमी असेल तर प्रात्यक्षिकांची संख्या कमी करा. लंबकाला दोन तास द्या आणि दुसऱ्या तासाला मुलांना स्वतःची मांडणी सुधारू द्या.

पेट्या वर्षभर टिकवायच्या कशा?

झाकणाच्या आतून सामानाचं चित्र चिकटवा, प्रत्येक वस्तूची संख्या लिहून. तासाची शेवटची पाच मिनिटं मोजणीची. कमी काय आहे ते गटाने चिठ्ठीवर लिहून पेटीत ठेवायचं. सेल होल्डरमध्ये ठेवून पेटी बंद करू नका, सुट्टीत अल्कलाइन सेल गळतात आणि स्प्रिंग गंजून जातात. गळती झालीच तर हातमोजे घालून व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा, मग ओलसर फडक्याने, आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. पट्टीचुंबक जोडीने, विरुद्ध ध्रुव शेजारी येतील असे, टोकांना लोखंडी पट्टी लावून ठेवा आणि होकायंत्रापासून दूर, नाहीतर होकायंत्राची सुई उलटी चुंबकित होऊन उत्तरेला दक्षिण दाखवू लागते. तसं झालं तर पक्क्या पट्टीचुंबकाचा उत्तर ध्रुव सुईच्या मध्यापासून, दक्षिण दाखवायला हव्या त्या टोकापर्यंत एकाच दिशेने काही वेळा फिरवला की ती पुन्हा सरळ होते.